धडधाकट स्टुलं

सुताराच्या घरातलं आढं तडकलं ते भर दुपारी, दोघं जेवायला बसलेले असताना. आवाज असा झाला की सुतारीणबाईंना वाटलं, नवऱ्याच्या दाताखाली खडा आला.

"नीट निवडलं होतं हो मी," त्या म्हणाल्या.

सुताराने घास तोंडात तसाच धरून वर बघितलं. या भिंतीवरून त्या भिंतीपर्यंत गेलेलं ते जाड लाकूड, सगळे वासे आणि सगळी कौलं त्याच्याच अंगावर. त्याच्या पोटाला बोटभर रुंद चीर पडली होती, आणि तिच्यातून बारीक भुसा थेट ताटात पडत होता.

"खडा नाही," घास गिळून तो म्हणाला. "घर आहे."

तीस वर्षं त्याने गावातल्या एकूण एक छपरात डोकं घातलं होतं, फक्त स्वतःच्या सोडून. वैद्याचं पोर खोकतं तसं सुताराचं छप्पर वाकतं, त्यात नवल काही नाही. जेवण आटोपून त्याने एक खांब तासला, आढ्याखाली ठोकून बसवला आणि तात्पुरतं भागवलं. टेकू उभा राहिला तो बरोबर चूल आणि पाण्याचं पिंप यांच्या मध्ये. सुतारीणबाई पाणी घ्यायला वळल्या की खांदा टेकूवर आपटायचा. तिसऱ्या दिवशी खांदा निळा झाला. चौथ्या दिवशी त्या टेकूशी बोलायला लागल्या, आणि ते बोलणं काही प्रेमाचं नव्हतं.

पाऊस तीन आठवड्यांवर आला होता.

नवीन आढ्याची चिंता नव्हती. घराला लागून असलेल्या त्याच्या कारखान्याच्या मागे अठरा फुटांचा ओंडका सहा वर्षं वाळत पडला होता. तासून घ्यायला दहा दिवस पुरे. पण आढं तासतो एक माणूस आणि चढवतात बारा. गावात बारा माणसं मिळायची वाट एकच, ती म्हणजे सावड. आज तू माझ्या छपराला खांदा दे, उद्या मी तुझ्या देतो. सुताराने आजवर इतक्या छपरांना खांदा दिला होता की त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा इंचभर खाली उतरला होता. त्याने तो मापूनही बघितला होता.

सावडीचं दार मात्र देवळातून उघडायचं. उन्हाळा संपत आला की सगळे देवळाच्या पायऱ्यांवर जमत आणि कुणाचं छप्पर कधी ते ठरे. उचलायच्या वेळी म्होरके देवाच्या नावाचा पहिला अर्धा भाग ओरडत, बाकीचे दुसरा अर्धा ओरडून जोर लावत. नाव घेतल्याशिवाय गावात कधी ओंडका हलला नव्हता.

म्होरके म्हणजे सावडीचे पुढारी आणि देवळाचे कारभारी. छाती रांजणासारखी. आवाज असा, की त्यांनी कानात काही सांगितलं तरी ते पलीकडच्या गल्लीला कळे. गेल्या वर्षी त्यांच्याच गोठ्याचं आढं चढवताना ते मधोमध मोडलं आणि कौलं घालणाऱ्या कौलाऱ्याच्या पायावर पडलं. पाय दोन ठिकाणी मोडला. म्होरक्यांनी वर्षभर विचार केला, आणि यंदा पायऱ्यांवर उभं राहून त्या विचाराचं फळ गावाला वाढलं.

"गेल्या वर्षी कुणीतरी नाव मनापासून घेतलं नाही," ते म्हणाले. "ओठ हलवले, मन हलवलं नाही. म्हणून आढं पडलं. यंदा ज्याला सावडीत यायचंय त्याने पुढे यायचं, उंबऱ्याला हात लावायचा आणि मोठ्याने सांगायचं, मी देव मानतो. मग पाळी."

लोक एकेक करून पुढे गेले. कुणी खोकून म्हणालं, कुणी भरल्या गळ्याने. गावच्या बसचा कंडक्टर पुढचा थांबा सांगावा तसं म्हणून मोकळा झाला. मग सुताराचा नंबर आला.

उंबरा त्यानेच केलेला होता. डाव्या कोपऱ्यात लाकडात एक गाठ निघाली होती. तेव्हा देवळाच्या उद्घाटनाची घाई होती, म्हणून त्याने ती भुसा आणि सरस भरून बेमालूम बुजवली होती. खाली वाकल्यावर हात नेमका तिच्यावर पडला. एका लबाडीवर हात ठेवून दुसरी करायची म्हणजे फारच झालं, असं त्याला वाटलं. तो सरळ उभा राहिला.

"म्होरके, लाकूड किडलेलं होतं."

"काय?"

"गेल्या वर्षीचं. आतून पोखरलं होतं. मी चार वेळा सांगितलं होतं, हे चढवू नका."

"मी लाकडाचं विचारलं नाही. देवाचं विचारलं."

"लाकडाचं मला कळतं. देवाचं म्हणाल तर..." सुताराने खांद्यावरच्या फडक्याने मान पुसली. "कुणी आहे असं मला वाटत नाही. कधीच वाटलं नाही."

त्या क्षणी गावातलं कुत्रंसुद्धा भुंकायचं थांबलं, असं लोक पुढे सांगत. खरं म्हणजे कुत्रं भुंकतच होतं.

"तीस वर्षं माझ्या हाकेला ओ देतोयस ना तू?"

"ओठ हलवत होतो."

"आणि ओठांनी काय म्हणत होतास?"

"मापं," सुतार म्हणाला. "दीड बाय तीन, दीड बाय तीन. जोर चांगला लागतो."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. म्होरक्यांनी तिकडे बघितलं, पण सगळे चेहरे सारखेच गंभीर होते.

"मग यंदा मापांनाच बोलाव खांदा द्यायला," ते म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या माणसाला बोट केलं.

घरी आल्यावर सुतारीणबाईंनी आधी पिंप भरलं, मग चूल पेटवली. त्या रोज सकाळी देवळात जात, बायकांच्या रांगेत बसत. शेवटी टेकूला वळसा घालून त्या समोर येऊन बसल्या.

"इतकी वर्षं तुम्ही देवळात येत नाही म्हणजे आळशी आहात, असंच मी धरून चालले होते."

"तेही आहे थोडं."

"एकदा सांगायचं तरी होतं."

"तू विचारलं नाहीस."

"मी त्याला रोज विचारते तुमच्याबद्दल. तो काही बोलत नाही. तुम्हीही बोलत नाही. मी आपली दोघांच्या मधे." त्यांनी निळा खांदा चोळला. "उद्या सकाळी मी जाणारच आहे. कुणी काही म्हटलं तर म्हणू दे."

कुणी काहीच म्हटलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी रांगेत त्यांच्या दोन्ही बाजूंना हातहातभर जागा मोकळी राहिली, एरवी जिथे गुडघ्याला गुडघा लागायचा. परत आल्यावर त्यांनी हे सांगितलं नाही. भांडी मात्र दोनदा घासली.

सुताराने ओंडका अंगणात ओढून घेतला आणि वाकसाने तासायला सुरुवात केली. अंगण देवळाच्या अगदी समोर. पायऱ्यांवर बसलेल्यांना त्याची प्रत्येक ढलपी उडताना दिसायची. ऊन पाठीवर तापलेल्या तव्यासारखं बसे. दोन पायांमध्ये लाकूड धरून, कमरेत वाकून, घाव घालत मागे मागे सरकायचं. अठरा फूट सरकलं की वळायचं. संध्याकाळी पाठ सरळ व्हायला नकार द्यायची, तेव्हा तो जमिनीवर उताणा पडून हळूहळू उलगडायचा. सकाळी येणारे ओळखीचे आवाज आता गल्लीच्या पलीकडच्या कडेने जात होते. "काय सुतारदादा?" म्हणायचं म्हणजे मग उत्तरही ऐकावं लागतं.

पाचव्या दिवशी कुबडी टेकत कौलारी आला.

"बगलेत टोचते," तो म्हणाला. "जरा बघ."

सुताराने कुबडी घेतली, वरची आडवी पट्टी काढली, नवी तासायला बसला. कौलारी ओंडक्यावर बसून राहिला.

"त्या दिवशी सगळ्यात मोठ्याने मीच ओरडलो होतो," तो एकदम म्हणाला. "नाव. शिरा ताणून. आणि बारा जणांतून पाय माझाच निवडला."

"कुणी निवडला नाही. तू मध्यावर होतास. मोडलं मध्यावर."

"तेच. सहा महिने खाटेवर पडून मी विचार करत होतो की माझी चूक काय झाली. आणि तू त्या दिवशी म्हणालास, लाकूड किडलं होतं. मला एकदम हलकं वाटलं बघ." त्याने पाय चोळला. "तुझ्याइतका पक्का नाही हं मी. माझं अजून कच्चंच आहे."

"लाकूडही आधी कच्चंच असतं."

पट्टी बसवून झाली. त्याने कुबडी दोनदा जमिनीवर आपटून बघितली. आवाज खणखणीत आला.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीण, गावातल्या पन्नाशीच्या आतल्या प्रत्येकाचा कान त्यांनी कधी ना कधी धरलेला. हातात एक स्टूल होतं. सुताराने ते उलटं केलं, सुलटं केलं, चारही पाय ओढून बघितले.

"बाई, हे धडधाकट आहे."

"डुगडुगतं."

"इथे तर डुगडुगत नाही."

"मग कारखान्याचं दार लोटून घ्या जरा."

सुताराने दार लोटलं. बाई त्याच स्टुलावर ताठ बसल्या.

"एकोणतीसचा पाढा," त्या म्हणाल्या.

"काय झालं त्याला?"

"तुम्ही मापं म्हणता ना? मी प्रार्थनेच्या वेळी एकोणतीसचा पाढा म्हणते. चाळीस वर्षं. दोनशे नव्वदला बरोबर घंटा होते." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "त्या दिवशी मागे हसले ती मी. आजवर हे कुणाला सांगितलं नाही. आमच्या ह्यांनासुद्धा नाही. ते जाताना माझा हात धरून म्हणाले, आता वर भेटू. मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार?"

"खरंच, काय म्हणणार."

"स्टूल राहू दे इथेच. उद्या येते बघायला, दुरुस्त झालं का."

मग रीघच लागली. कंडक्टर स्टूल घेऊन आला, म्हणाला पाय ढिला आहे. पाय ढिला नव्हता. दवाखान्यातली नर्स आली, तिचंही स्टूल ठणठणीत. लोहार आला, गवंडीकाम करणारे दोघे भाऊ एक बाकडं घेऊन आले. प्रत्येक जण वेगळ्या वेळी, प्रत्येक जण दार लोटून. आणि एका भर दुपारी मागच्या दाराने देवळाचा झाडूवाला आत शिरला. त्याच्या काखेत दिवे पुसायला चढायचं देवळाचंच स्टूल होतं.

"तूसुद्धा?" सुताराच्या तोंडून निघालं.

"तेवीस वर्षं आतून-बाहेरून झाडतोय, दादा," झाडूवाला हळूच म्हणाला. "कोपरा न् कोपरा. कुणी राहत असतं तर केरात काहीतरी सापडलं असतं की नाही? एखादं नख तरी?"

एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, एवढं सुताराला कळत होतं. पण स्टुलं काही तोंड मिटून बसणारी नव्हती. बाईंनी नर्सचं स्टूल ओळखलं, कारण त्यावर इंजेक्शन घ्यायला त्या बसल्या होत्या. कंडक्टरने देवळाचं ओळखलं. आणि एका दुपारी, गल्ली उन्हाने ओस पडलेली असताना, सगळे एकाच वेळी आपापली दुरुस्ती बघायला आले आणि दारात एकमेकांवर आदळले. कौलारी ओंडक्याच्या तुकड्यावर आधीच बसला होता.



"बाई, तुमचं काय मोडलंय?" कंडक्टरने विचारलं.

"तुझं जे मोडलंय तेच," बाई म्हणाल्या. "बस खाली."

बसले सगळे. बाईंनी पाढ्याचं सांगितलं, मग बांध फुटला. कंडक्टर प्रार्थनेच्या वेळी बसचे थांबे म्हणायचा, जाताना सुलटे, येताना उलटे. नर्स मनातल्या मनात औषधांच्या कपाटाची यादी करायची. थोरला गवंडी पुढे बसलेल्यांची टकलं मोजायचा आणि धाकटा थोरल्याने चूक केली का ते तपासायचा. दोघे भाऊ एका घरात राहत होते, आणि हे एकमेकांना आत्ता कळत होतं.

"म्हणजे मी तिथे एकटाच गंभीर होतो?" कौलारी म्हणाला.

हसता हसता नर्सच्या डोळ्यांत पाणी आलं. सुतार मात्र हातातली पटाशी नुसती फिरवत राहिला. तीस वर्षं तो याच लोकांच्या रांगेत उभा होता. खांद्याला खांदा लागत होता, आणि प्रत्येकाला वाटत होतं की अख्ख्या गावात भुसा भरलेली गाठ आपणच.

तेवढ्यात मधलं दार उघडून सुतारीणबाई आल्या. हसणं तिथेच थांबलं. त्यांच्या हातात पाण्याची कळशी होती. त्यांनी एकेकाकडे बघितलं. यातले निम्मे लोक रोज सकाळी त्यांच्या आसपासच बसत.

"हसा की," त्या म्हणाल्या. "माझं काही म्हणणं नाही. मी मानते, तुम्ही मानत नाही, पाणी दोघांनाही लागतं." कळशी त्यांनी खाली ठेवली. "पण आढं कोण चढवणार?"

सगळ्यांनी एकदम आपापल्या स्टुलांकडे बघितलं.

"काकू, अंगण देवळासमोर आहे," झाडूवाला म्हणाला. "माझं पोट त्या पायऱ्यांवर आहे."

"माझं घर मोकळ्या आभाळाखाली येणार आहे. उद्या हे कौलं उतरवतायत. टेकू आता धरत नाही."

"आम्ही सुतारदादांच्या बाजूने आहोतच," लोहार म्हणाला. "मनातून."

"मनातून पुष्कळ लोक पुष्कळ काही करतात. देवळात मी रोज बघते," सुतारीणबाई म्हणाल्या. "दार लोटून खांदा देता येत नाही."

त्या गेल्यावर ज्याने त्याने आपलं स्टूल पुन्हा भिंतीला लावलं. परवा सकाळी, कंडक्टरच्या सुट्टीच्या दिवशी, एवढं ठरलं. कोण येणार ते ठरलं नाही. सुतारानेही विचारलं नाही. विचारलं की लोक हो म्हणतात.

दुसऱ्या दिवशी त्याने एकट्याने छप्पर उतरवलं. कौलारी खाली बसून कौलांच्या चळती लावत होता, फुटलेली वेगळी, धड वेगळी. वासे निघाले, शेवटी जुनं आढं दोर लावून खाली सोडलं. घरात लख्ख ऊन पडलं. चूल, पिंप, भिंतीवरचा आरसा, सगळं उघडं पडलं आणि जरा लाजल्यासारखं दिसायला लागलं. पश्चिमेला ढगांची एक काळपट ओळ उभी होती. सुतारीणबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि अंथरुणाच्या वळकट्या खाटेखाली सरकवल्या.

ठरलेल्या सकाळी सुतार उजाडल्यापासून अंगणात उभा होता. आढं तयार होतं, चारही कडा रंध्याने गुळगुळीत. भिंतीलगत परांची बांधलेली होती. देवळाच्या पायऱ्यांवर हळूहळू माणसं जमली. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण फुकटचा तमाशा कोण सोडतो? मधल्या पायरीवर म्होरके मांडी घालून बसले होते.

आधी कौलारी आला. मग बराच वेळ कुणी नाही. पायऱ्यांवरून कुणीतरी ओरडलं, "सुतारदादा, मापं आली का?"

मग बाई आल्या. गल्लीच्या मधोमध, शाळेत जात तशा ताठ. पायऱ्यांवरचे चार-पाच जण सवयीने उभे राहिले आणि पुन्हा बसले. मग कंडक्टर. नर्स आणि तिचा नवरा. दोघे गवंडी. लोहार आला नाही, त्याने भावाला पाठवलं. भाऊ देवाला मानत होता, फक्त म्होरक्यांना मानत नव्हता. आणि सगळ्यात शेवटी, देवळाच्याच पायऱ्या उतरून, म्होरक्यांच्या शेजारून, झाडूवाला खाली आला. झाडू त्याने शेवटच्या पायरीला नीट टेकवून ठेवला.

"कुठे?" म्होरक्यांनी विचारलं.

"जरा समोर," झाडूवाला म्हणाला. "केर काढून झालाय."

सुताराने मोजलं. स्वतःला आणि कौलाऱ्याला धरून दहा. कौलाऱ्याचा पाय वजा केला की नऊ, आणि त्यातल्या बाई सत्तरीच्या.

त्यांनी जागा घेतल्या, वाकले, हात घातले. आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की ओरडायचं काय हे कुणीच ठरवलेलं नाही.

"एक-दोन-तीन करू," कंडक्टर म्हणाला. "एक, दोन, तीन!"

अर्ध्यांनी तीन म्हणताक्षणी उचललं. अर्धे तीन म्हणून झाल्यावर उचलायची वाट बघत होते. आढ्याचं एक टोक गुडघ्यापर्यंत गेलं, दुसरं जमिनीवरच राहिलं, आणि लाकूड कुशीवर वळून धप्पकन खाली आलं. सगळे मागे उडाले. पायऱ्यांवर हशा पिकला.

"तीनवर की तीननंतर?" नर्सच्या नवऱ्याने विचारलं.

"तीनवर!"

"तीननंतर!"

"नुसतं 'उचल' म्हणा," बाई म्हणाल्या.

"कुणाला उचल? अरे-तुरे कुणाला करायचं?" थोरला गवंडी म्हणाला. वाद पेटला. त्यात जोर लावायला म्हणून वाकलेल्या झाडूवाल्याच्या तोंडून सवयीने देवाचं नाव बाहेर पडलं. सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"तोंडात बसलंय," तो ओशाळून म्हणाला. "मनात नाही."

पायऱ्यांवर आता लोक पोट धरून हसत होते. सुताराचे कान तापले. मागे उघडं घर, पश्चिमेला ढगांची ओळ, आणि समोर नऊ शहाणे, ज्यांना एक लाकूड एका वेळी उचलता येत नव्हतं. त्याच्या मनात आलं, एकदा ओरडावं ते नाव आणि मोकळं व्हावं. जोर तर लागेल.

"बसमध्ये कसं असतं," कंडक्टर म्हणाला. "कुणी बोलत नाही. एक ठोका, थांबा. दोन ठोके, चला. लहान पोराला पण कळतं."

कौलाऱ्याने त्याच्याकडे बघितलं, मग आपल्या कुबडीकडे. बाईंचं स्टूल त्याने कारखान्यातून ओढून आणलं, आढ्याच्या बरोबर मध्यासमोर ठेवलं आणि बसला. पायाखाली एक फळी सरकवली.

"पहिल्या ठोक्याला अंग आवळा," तो म्हणाला. "दुसऱ्याला उचला. आणि मध्यावर कुणी उभं राहणार असेल तर त्याने पाय सांभाळा. अनुभवाचं सांगतोय."

ठक्. नऊ पाठी ताठ झाल्या.

ठक्.

आढं गुडघ्यावर आलं. पायऱ्यांवरचं हसणं जरा कमी झालं.

ठक्. ठक्. आढं खांद्यावर आलं. बाईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर होता, नर्सच्या मानेची शीर तटतटली होती. मागच्या टोकाला लोहाराचा भाऊ आणि झाडूवाला दोघेच, आणि ते टोक जड होतं. ते हळूहळू खाली यायला लागलं.

"मागे! मागे धरा!" सुतार ओरडला. त्याला वळता येत नव्हतं.

घरातून सुतारीणबाई आल्या. पदर खोचला, झाडूवाल्याच्या मागे गेल्या आणि खांदा खाली घातला. निळा झालेला तोच खांदा.

"अगं, तू—"

"पुढे बघा," त्या म्हणाल्या. "छपरासाठी करतेय, तुमच्यासाठी नाही." मग थोडं थांबून, "नाव मी मनात घेतेय. तुम्हाला त्रास असेल तर ऐकू नका."

ठक्. ठक्. आढ्याचं पुढचं टोक परांचीवर चढलं. मागचं मात्र वीतभर खाली थबकलं. आणखी एक खांदा हवा होता, आणि तो उंच हवा होता. दहाही जणांचे पाय थरथरायला लागले. कौलाऱ्याने कुबडी वर धरलेली तशीच ठेवली. आता ठोका देऊन उपयोग नव्हता.

 आणि पायऱ्यांवरून म्होरके उठले. आयुष्यभर आढी चढवलेल्या माणसाला वीतभर खाली लटकलेलं आढं बघवत नाही. त्यात देव आला नाही आणि सुतारही आला नाही. ते गल्ली ओलांडून आले, सुतारीणबाईंना हाताने बाजूला सारलं आणि रांजणासारखी छाती फुगवून आपला उंच खांदा लाकडाखाली घातला.

"मी नाव घेणार," ते धापा टाकत म्हणाले.

"तुमच्या तोंडाला कुलूप घालायला मी कोण?" पुढून सुताराचा आवाज आला. "मी नाही घेणार."

"नको घेऊस. जोर लाव."

म्होरक्यांनी तोंड उघडलं. सवयीप्रमाणे हाक द्यायला. समोर स्टुलावर कौलारी बसला होता, मोडका पाय लांब करून, कुबडी वर धरून. तो म्होरक्यांच्या डोळ्यांत बघत होता. म्होरक्यांनी तोंड मिटलं.

ठक्, कौलाऱ्याने पहिला ठोका दिला. म्होरक्यांनी अंग आवळलं.

ठक्.

आढं वर गेलं, भिंतीवरून सरकलं आणि खाचेत असं बसलं की सुताराला तो आवाज पायाच्या तळव्यात कळला.

कुणी ओरडलं नाही. दोन्ही गवंडी तिथेच खाली बसले. बाईंनी चष्मा जागेवर नेला. पायऱ्यांवरचे लोक पांगायला लागले, दोघे-तिघे मात्र वासे उचलू लागायला गल्ली ओलांडून आले. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

सुताराने कारखान्यातून उरलेली स्टुलं बाहेर आणली. पहिल्यांदाच दार सताड उघडं ठेवून. नव्या आढ्याखाली, छप्पर नसलेल्या घरात, ज्याने त्याने आपापलं ओळखून घेतलं आणि बसले. झाडूवाला देवळाच्या स्टुलावर बसला. सुतारीणबाई बिनकामाच्या झालेल्या टेकूवर बसल्या. तो त्यांनी मुद्दाम आडवा केला होता.

म्होरके उभेच राहिले. बसायला काही नव्हतं.

"ते लाकूड," थोड्या वेळाने ते म्हणाले, त्यांच्या मानाने फारच हळू. "गेल्या वर्षीचं. किडलेलंच होतं."

"होतं," सुतार म्हणाला.

"तू चार वेळा सांगितलंस."

"चार वेळा."

"मला ते आत बोट घालून कळलंही होतं." हे त्यांनी सुताराकडे बघून म्हटलं नाही. कौलाऱ्याकडे बघून म्हटलं. कौलाऱ्याने कुबडी आडवी मांडीवर घेतली. त्याने मान हलवली नाही, पण तोंडही फिरवलं नाही. 

"पाय पावसात दुखणार," तो शेवटी म्हणाला. "छप्पर झालं की कौलं खालून वर द्यायला माणूस लागेल मला. रोज."

"येतो," म्होरके म्हणाले.

ते जायला वळले. दारात थांबले. आत एवढी माणसं बसलेली, एवढी स्टुलं, आणि कुणी उठायचं नाव काढत नव्हतं.

"ह्या सगळ्यांचं काय काय मोडलं होतं?" त्यांनी विचारलं.

 बाई आभाळाकडे बघायला लागल्या.

"तुमच्याकडे आहे का एखादं स्टूल?" सुताराने विचारलं.

"आहे एक. पण त्याला काही झालेलं नाही."

"मग घेऊन या उद्या," सुतार म्हणाला.